मागचं रीळ पुढे

रूथबाई, तुमच्या मयतीला मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. पुढे तुमच्या मंडळीतली माणसं होती, आश्रमातल्या बाया होत्या, तुमच्या हाताखाली शिकून आता स्वतःच म्हाताऱ्या झालेल्या मुली होत्या. त्यांनी गीत म्हटलं. मला शब्द येत नव्हते, म्हणून नुसता उभा राहिलो. टोपी काढायची की ठेवायची तेही कळेना. आमच्या मशीनवाल्या दस्तगीरकडे बघितलं, तर त्याने डोक्याला रुमाल बांधला होता, म्हणून मीही टोपी राहू दिली. पाळकसाहेब तुमच्या शाळेबद्दल बोलले, प्रार्थनेबद्दल बोलले, शिस्तीबद्दल बोलले. तंबूचं नाव निघालं नाही. मी शेवटपर्यंत वाट बघितली. इतकी वर्षं तुम्ही ज्या माईकसमोर बसलात, त्याचं नाव घ्यायला कुणाची काय हरकत होती? मला राग आला. पण खरं सांगतो, तो राग पाळकांवरचा नव्हता. तो जुना होता आणि तुमच्यावरचा होता. तुम्ही पेटीत निजलेल्या होतात, तरी तो माझ्या छातीत तसाच बसून होता.

वडगाव रासाईला तुम्ही मला विचारलं नाहीत, बाई.

ते सांगणारच आहे. आधी बाकीचं सांगतो, कारण बाकीचं पुष्कळ आहे आणि ते सगळं तुमच्या बाजूचं आहे.

दौंडला रेल्वेच्या मैदानावर माझा तंबू पहिल्यांदा लागला, तेव्हा मी भाजीच्या धंद्यातून नुकताच बाहेर पडलो होतो. कवठे येमाईच्या मळ्यांतली भाजी पुण्याच्या मंडईत नेणारा, चार इयत्ता शिकलेला माणूस. बंद पडलेल्या एका कंपनीकडून मशीन, पडदा आणि ठिगळं लावलेला तंबू भांडून भांडून घेतला आणि टुरिंग टॉकीजचा मालक झालो. चांगली मराठी-हिंदी चित्रं मोठ्या थेटरांकडे जायची. माझ्या वाट्याला यायची ती कुणाला नको असलेली इंग्रजी. जुनी, पाऊस पडल्यासारख्या रेघा असलेली. त्यांत आकाशातून तबकड्या उतरायच्या, नाहीतर समुद्रातून काहीतरी भलंमोठं वर यायचं. इंग्रजी कुणालाच कळत नसे. म्हणून पडद्याच्या कडेला खुर्ची टाकायची आणि माईक घेऊन मराठीत गोष्ट सांगणारा माणूस बसवायचा, ही आमची रीत. माझ्याकडे तेव्हा एक बटलर होता. साहेबांच्या बंगल्यावर राहिलेला, म्हणून त्याला इंग्रजी येतं असं तो सांगायचा आणि मी मानायचो.

त्या संध्याकाळी बटलर सांगत होता, "आता हा म्हातारा शास्त्रज्ञ काय म्हन्तोय, तर माझ्या बायकोनं रॉकेटमधी बसायचं न्हाई." तेवढ्यात बायकांच्या बाजूने पांढऱ्या पातळातली एक बाई उठली आणि वर्गात बोलावं तशी म्हणाली, "तो तिचा नवरा नाही, बाप आहे."

तंबू हसला. बटलर माईकवरच म्हणाला, "बाप कसा? मुका घेतला की आत्ता."

"गालाचा घेतला म्हणूनच सांगते," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर पाच मिनिटं पडद्यावर काय चाललं होतं ते कुणालाच कळलं नसेल. मी दारावरून तणतणत आत आलो. माझ्या तंबूत, माझ्या माणसाची शोभा. म्हटलं, "एवढं येतंय तर तुम्हीच बसा की." मला वाटलं होतं तुम्ही लाजून खाली बसाल. तुम्ही दोरी ओलांडून पुढे आलात, खुर्चीवर हात ठेवून बघितला आणि म्हणालात, "बसते. पण ही डुगडुगते. दुसरी आणा." माझ्याशी बोललेलं तुमचं पहिलं वाक्य, आणि त्यातच घासाघीस. आयुष्यभर मी दुसऱ्याला थकवत आलो होतो. मला थकवणारं माणूस त्या दिवशी भेटलं.

मिशनच्या शाळेत जन्म घालवलेल्या बाईने तंबूत बसावं, हे तुमच्या लोकांना रुचलं नाही. पाळकांनी तुम्हाला बोलावून विचारलं होतं. तुम्ही काय उत्तर दिलंत ते मला हसत हसत सांगितलं होतंत: "मी म्हणाले, साहेब, मी पिक्चर बघत नाही. मी फक्त सांगते." पुढे ते पाळक बदलून गेले. नवे आले ते दौंडला पाठीमागच्या रांगेत मफलर गुंडाळून बसायचे. आपल्या दोघांनाही ते दिसायचे. आपण कधी बोललो नाही.

तुम्ही गोष्ट सांगायचात ती बटलरसारखी नव्हे. तुम्ही थोडंच बोलायचात. मशीनचा आवाज, तुमचा आवाज, मध्ये गप्प. आणि गप्प असताना तुम्ही पडद्याकडे बघत नसायचात. पडद्याचा उजेड लोकांच्या तोंडावर पडायचा, आणि तुम्ही तोंडं बघत बसायचात. मला आधी वाटलं, बाईंना पिक्चरचा कंटाळा आलाय. मग एकदा शिरूरला मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "शिवरामभाऊ, पिक्चर मी एकदा बघितलंय. ही माणसं रोज नवी असतात."

शिवरामभाऊ म्हणालात की सगळं ठीक असायचं. मालक म्हणालात की मी समजायचो, आज भांडण.

शिरूरचंच ते पिक्चर. आकाशातून एक जळतं काहीतरी येतं आणि इंग्रजी शहरावर किरण सोडतं. इमारती कोसळतात, हजारो लोक मोटारी टाकून पळत सुटतात. आणि आमची माणसं हसत होती. एक जण ओरडला, "आरं, गाड्या सोडून कुठं पळताय? आम्हाला तरी द्या." मी कपाळाला हात लावला. लोक घाबरायला आले होते, आणि हसत होते. पण पुढे तोच किरण शहराबाहेर जातो. शेताची एक चौकट दिसते. उभं पीक, कणसं आलेली. आणि ते बघता बघता वाळून काळं पडतं. तंबू चिडीचूप झाला. विडी ओढणाऱ्याने विडी खाली धरली. तुम्ही माईकवर एक शब्दही बोलला नाहीत.

खेळ सुटल्यावर तुम्ही चहा घेता घेता म्हणालात, "ज्यांनी हे काढलं त्यांची झोप उडालीय, भाऊ. त्यांनी बाँब केला, टाकला, आणि आता तसलंच काही आपल्या डोक्यावर पडेल म्हणून ते वर बघत बसलेत. आकाशातला पाहुणा वगैरे काही नाही. ते स्वतःच केलेलं बघतायत." मी म्हटलं, "आणि आपली माणसं?" तुम्ही म्हणालात, "त्यांनी शहर कोसळलेलं बघितलं नाही. पीक गेलेलं बघितलंय."

मी तेव्हा हिशेबी डोक्याने एवढंच ऐकलं, की जाहिरातीच्या पुढच्या पाटीवर शेत काढायला सांगायचं. रंगाऱ्याकडून जळतं कणीस काढून घेतलं. गर्दी वाढली. तुम्ही पाटी बघितलीत आणि म्हणालात, "माझं बोलणं तुम्ही लगेच बाजारात नेता." तुम्हाला वाटत होतं ते टोचेल. मला अभिमान वाटला.

दौंडचं मात्र मी कधी विसरणार नाही. यंत्राच्या माणसाचं ते पिक्चर. लोखंडाचा, चौकोनी डोक्याचा, सगळी कामं करणारा. तंबू भरला होता तो इंजिनशेडमधल्या माणसांनी. फायरमन, फिटर, कोळसेवाले. सुरुवातीला सगळी मजा चालली होती. मग तो लोखंडी माणूस कारखान्यात जातो आणि मजुरांच्या रांगेत उभा राहतो. तुम्ही सांगितलंत, "याला झोप लागत नाही. याला चहा लागत नाही. हा दमत नाही." एरवी अशा वाक्याला हशा पडायचा. त्या दिवशी कुणी हसलं नाही. डिझेल इंजिनं येणार, मग कोळसा टाकणारे हात कशाला, ही बोलणी शेडमध्ये सुरू झाली होती. मला त्याची कल्पना नव्हती. तुम्हाला होती. तुमच्या केडगावच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना तुम्ही माणसांची बोलणी ऐकायचात.

मधल्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "बाई, ह्याला पगार किती?"

"पगार नाही."

"युनियन?"

"नाही."

"मग सुट्टी तरी?"

"सुट्टी नाही, रजा नाही, पास नाही," तुम्ही म्हणालात, "आणि याच्या घरी वाट बघणारंही कुणी नाही."

"मंग जगतोय कशाला ह्यो," तो म्हणाला, आणि तंबू फुटला. इतका वेळ कोंडलेलं सगळं त्या हसण्यात बाहेर आलं. ते काही इंग्रजीत नव्हतं, बाई. वाट बघणारं कुणी नाही, हे तुम्ही तुमच्या पदरचं घातलंत. मला कळलं होतं. मी बोललो नाही, कारण माल तोच होता. फक्त वर थोडी कोथिंबीर होती.

इथेच आपल्या भांडणाचं मूळ आहे. मी भाजीवाला. भाव करताना मी कुणाच्या बापाला ऐकत नाही. पण भाव ठरला की माल जसा दाखवला तसा द्यायचा, वर ताजी आणि खाली सडकी असं करायचं नाही, यावर मी उभा राहिलो. पाटीवर जे रंगवलंय ते तंबूत मिळालं पाहिजे. भीती रंगवली असेल तर भीती मिळाली पाहिजे. तुमचं म्हणणं वेगळं होतं. "भीती माणसं घरून घेऊन येतात," तुम्ही म्हणायचात. "आपण ती तिकिटावर विकायची नाही. आपण ती थोडा वेळ धरायची, म्हणजे त्यांचे हात मोकळे होतात." यावर आपण शिरूर ते न्हावरे, न्हावरे ते केडगाव, किती वेळा भांडलो असू. ट्रकमध्ये तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी, मी फळीवर उभा, वाऱ्यात ओरडून भांडायचो. ड्रायव्हरने एकदा गाडी थांबवली आणि म्हणाला, "बाई, तुमी दोघं एकदा काय ते ठरवा, मला हॉर्न ऐकू येईना."

आता वडगाव.

"प्रलयाचं यंत्र" असं नाव मीच दिलेलं पिक्चर. इंग्रजी नाव तुम्ही सांगितलं होतंत, मी विसरलो. शास्त्रज्ञ थंड मुलखात यंत्र बसवतात, बर्फ वितळवतात, आणि ते यंत्र आवरेनासं होतं. समुद्र चढतो. शेवटच्या रिळात अख्खं शहर बुडतं, नुसते मनोरे वर राहतात. त्याच्या आधी, अगदी सुरुवातीच्या दुसऱ्या रिळात, तेच शहर नांदतं दाखवलंय. दुकानं, ट्रॅम, गच्चीवर पतंग उडवणारी मुलगी. ते प्रिंट एवढं झिजलं होतं की कुणी परत मागितलं नाही, माझ्याकडेच राहिलं.

पहिली चूक कवठ्याच्या जत्रेत झाली, आणि ती चूकच होती. रिळांचे डबे भिजले होते, वरच्या चिठ्ठ्या सुटल्या होत्या. दस्तगीरने शेवटचं रीळ दुसऱ्या जागी लावलं. शहर आधीच बुडालं. मी मशीनपाशी धावलो, दस्तगीरला नको ते बोललो. पण तुमचा आवाज थांबला नाही. तुम्ही तसंच पुढे नेलंत. मधली रिळं आली, त्यांत शास्त्रज्ञ यंत्राशी झटत होते. तुम्ही सांगितलंत, आता ते यंत्र उलटं फिरवतायत, पाणी परत ओढतायत. आणि राहिलेलं दुसरं रीळ अखेरीला लागून नांदतं शहर आलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, पाणी ओसरलं. कुणालाही पत्ता लागला नाही. शेवटी पडद्यावर पतंग होता. त्या दिवशी तुम्ही माझा खेळ वाचवलात. मी म्हटलं, "बाई, तुम्ही वकील व्हायला हवं होतं." ते माझ्या तोंडून निघालेलं सगळ्यात मोठं कौतुक होतं, हे तुम्हालाही ठाऊक होतं.

मग तो पावसाळा आला. पुण्याच्या वरचं धरण फुटलं. ते पाणी खाली आलं आणि भीमाही फुगली. वडगावच्या नदीकाठच्या मळ्यांत पाणी शिरलं, खालच्या आळीतल्या भिंती बसल्या, मळ्यातल्या चाळींत साठवलेला कांदा वाहून गेला. पुढच्या जत्रेला तिथे तंबू लावायचा होता, आणि मी "प्रलयाचं यंत्र" काढलं.

तुम्ही म्हणालात, "मालक, हे पिक्चर या गावात नको."

मी म्हटलं, "पाणी बघितलेलं गाव पाणी बघायलाच येणार. तुम्हीच शिकवलंत ना, कणसाच्या वेळी?"

"बघायला येतील. बघून घरी कसे जातील?"

"चालत," मी म्हटलं.

तुम्ही गप्प झालात. तुम्ही गप्प झालात म्हणजे मी जिंकलो, असं मला वाटलं. मंडईत तसंच असतं.

तंबू गच्च भरला. माझं बरोबर होतं, हे आजही सांगतो. खालची आळी तर लेकराबाळांसकट आली होती. पहिलं रीळ संपलं. दस्तगीरने दुसरं लावलं आणि पडद्यावर लाट उभी राहिली. मी दारावर होतो. आधी वाटलं, पुन्हा चूक झाली. मग तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पडद्याकडे बघत होतात. पहिल्यांदाच. आणि बोलत होतात ते शाळेतलं मराठी नव्हतं, त्यांचं होतं.

"पाणी पाराला लागलं. आता गल्लीत शिरलं. ती बघा, पायऱ्या चढायला लागलं. ह्या मान्सानं पोरगी खांद्यावर घेतली. मागं काय ऱ्हायलं ते बघाया तो थांबला न्हाई."

बायकांच्या बाजूला कुणीतरी रडायला लागलं. मोठ्याने नाही. मी आत जाऊन मशीन बंद करणार होतो. पाय उचलला आणि ठेवला. का, ते मला सांगता येत नाही. रीळ बदलताना कंदील लावला जातो. त्या उजेडात मी बघितलं, एकही माणूस उठला नव्हता.

मधली रिळं गेली. यंत्र उलटं फिरलं. मग ते शहर आलं, ट्रॅम, दुकानं. तुम्ही म्हणालात, "पाणी वसरलं. चिखल काढला. ह्यानं दुकान उघडलं, बघा. पाववाला आला."

पुढच्या रांगेत एक म्हातारे होते, गावात सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. त्यांची खालच्या आळीतली दोन खणांची जागा गेली होती. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "बाई, किती दिसांनी हे?"

पडद्यावर ट्रॅम चालली होती. तुम्ही माईक जरा लांब धरलात, जसं शेजारच्याशी बोलावं. "आप्पा, पिक्चरमधी लवकर व्हतं. आपल्याला येळ लागंल."

"लागू दे," आप्पा म्हणाले. "पन हुतंय न्हवं?"

"व्हतंय," तुम्ही म्हणालात.

मग गच्ची आली, मुलगी आली, पतंग आला. पिक्चर संपलं तरी माणसं बसून राहिली. कुणीतरी म्हणालं, "ते पतंगाचं पुन्हा दावा." दस्तगीरने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने रीळ पुन्हा चढवलं.

आणि मी दारावर उभा असताना पुण्याहून आलेला एक पाहुणा, कुणाचा तरी मेहुणा, मला सगळ्यांदेखत म्हणाला, "मालक, हे पिक्चर मी कँपात बघितलंय. शेवटी शहर बुडतं. तुम्ही लोकांना फसवताय." चाळीतला कांदा गेलेली माणसं शेजारी उभी होती, आणि मला फसवा म्हटलं गेलं. खाली सडकी आणि वर ताजी. आयुष्यात जे केलं नाही, त्याचा शिक्का माझ्या तंबूवर, तुमच्या हाताने.

मी काय बोललो ते दोघांनाही पाठ आहे. पुन्हा लिहीत नाही. तुम्ही पर्स उचललीत. "मालक, मी चुकीचं केलं असं मला वाटत नाही," एवढंच म्हणालात आणि केडगावला गेलात. उरलेला मोसम माझा कसा गेला ते दस्तगीरला विचारा. बटलर परत आणला. त्याने यंत्राच्या माणसाला हिरोईनचा दीर केलं. माणसं तोंडावर विचारायची, "बाई कुठंयत?" मी सांगायचो, आजारी आहेत. मग तुमच्यासाठी कुणी सीताफळं द्यायचं, कुणी लिंबं. ती मीच खाल्ली, बाई, एवढं सांगून टाकतो.

दिवाळीनंतर मी केडगावला आलो. वांग्यांची करंडी बरोबर घेतली, कारण मोकळ्या हाताने सौदा करत नाहीत. तुम्ही अंगणात तांदूळ निवडत होतात. तुम्ही तीन गोष्टी मागितल्यात. पाठ असलेली खुर्ची, खेळाआधी चहा, आणि पिक्चर निवडताना तुमचं मत. मी खुर्ची कबूल केली, चहा कबूल केला, मतावर अडून बसलो. तुम्ही वांगी उलटीपालटी करून बघितलीत आणि म्हणालात, "खालीसुद्धा ताजी आहेत." मी म्हटलं, "असणारच." आपण वडगावच्या एवढ्या जवळ पुन्हा कधी गेलो नाही. दोघंही काठावरून परत फिरलो.

तुम्ही आलात त्या मोसमात सरहद्दीवर लढाई पेटली होती. माझ्याकडे परग्रहावरून फौज उतरण्याचं एक चित्र होतं. मी म्हटलं, "बाई, ही फौज उत्तरेकडून आली असं सांगा. तंबू पेटेल." तुम्ही म्हणालात, "आकाशातली आहे, आकाशातलीच राहू द्या. या गावातली पोरं तिकडे बर्फात उभी आहेत, त्यांच्या आया इथे बसल्यायत." माझ्या ओठावर आलं होतं, की वडगावला रिळं फिरवताना हा खरेपणा कुठे होता? गिळलं. आज तुम्ही नाही, तर उत्तरही मलाच द्यावं लागतंय. वडगावला तुम्ही ओझं उतरवायला बदल केलात, मी चढवायला सांगत होतो. झालं समाधान? पण हे तुमच्या तोंडून ऐकायला हवं होतं. मग मी त्यावर काहीतरी खोचक बोललो असतो.

पुढच्या चित्रांतले राक्षस बदलत गेले. तुम्हीच दाखवून दिलंत. आधी ते वरून यायचे. मग ते यायला लागले शास्त्रज्ञाच्याच खोलीतून, नळीतून, बाटलीतून. "आता ते परक्याला भीत नाहीत, भाऊ," तुम्ही म्हणालात, "आपल्याच हातांना भ्यायला लागलेत. हे जरा शहाणपणाचं लक्षण आहे." आता म्हणे माणूस चंद्रावर उतरणार. रेडिओवर रोज चाललंय. मला वाटतं, एकदा उतरला की पिक्चरमधला चंद्र कुणी बघणार नाही. तुम्ही म्हणाला असता, मग ते आणखी लांबचं काहीतरी शोधतील, भीती ठेवायला जागा लागते. मी भांडलो असतो. कुणाशी भांडू आता?

तुमच्यामुळे मला काय मिळालं ते मी मयतीच्या दिवशी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. भाजी विकणारा माणूस माणसांच्या हाताकडे बघतो, हात पिशवीकडे जातोय की नाही. तोंडाकडे बघायला तुम्ही शिकवलंत. मला माझी बायको घाबरलेली कशी दिसते ते ठाऊक नव्हतं. तुमच्या खुर्चीमागे उभा राहून एकदा तिचं तोंड बघितलं, तेव्हा कळलं. त्या दिवसापासून घरी माझा आवाज जरा खाली आला. फार नाही. ती म्हणते, जरा.

मयतीनंतर मी आणि दस्तगीर केडगाव स्टेशनवर दौंडच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. चहा घेतला. न राहवून मी म्हटलं, "दस्तगीर, वडगावला तू माझा माणूस होतास. तू तरी मला सांगायचं."

तो बशीत बघत म्हणाला, "मी बाईंना म्हटलं होतं, मालकांना विचारू का. त्या म्हनल्या, नको."

"का?"

"म्हनल्या, इचारलं तर ते न्हाई म्हनतील. आन् एकदा न्हाई म्हनले की मनात असलं तरी त्यांना मागं घेता येत न्हाई, त्यांचा सोभावच तसा. मग त्यांना आयुष्यभर त्या न्हाईसंगं ऱ्हावं लागंल. त्यापेक्षा माझ्यावर रागवू देत. ते त्यांना जमतं."

गाडी आली. मी डब्यात चढलो आणि खिडकीतून उलट्या बाजूला बघत राहिलो. दस्तगीरने तंबाखू मळायला घेतली आणि दौंड येईपर्यंत मळतच होता.

बाई, माझ्या तंबूत, माझ्या जिवावर, मला न सांगता तुम्ही सौदा केलात. एवढी वर्षं मला वाटत होतं, त्यात मी गमावलं. मी तोंडं बघायला शिकलो, पण माझं स्वतःचं तोंड कधी बघितलं नव्हतं. त्या दारावर मी पाय उचलला आणि ठेवला, ते तुम्ही खुर्चीवरून बघितलं असणार. राग मात्र पूर्ण गेलेला नाही. तुम्ही विचारायला हवं होतं. मी नाही म्हणालो असतो, तरी विचारायला हवं होतं.

वडगावची जत्रा आलीय. तिथले लोक येऊन गेले. आप्पा आता नाहीत, त्यांचा नातू आला होता. खालच्या आळीत त्यांची नवी पक्की भिंत उभी आहे, असं सांगत होता. म्हणाला, "बाईंचं ते पाण्याचं पिक्चर आणा." मी सांगितलं, बाई गेल्या. त्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "मंग तुमी सांगा. तुमाला पाठ आसंल की." तुमची खुर्ची मी धुऊन घेतलीय. पाठ असलेली. तिच्यावर बसून बघितलं, डुगडुगत नाही.

आज सकाळी दस्तगीर डबे ट्रकमध्ये चढवत होता. शेवटच्या रिळाचा डबा हातात धरून तो थांबला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "मालक, ह्ये कितव्या जागी लावू?"

मी दोर आवळत होतो. वर न बघता म्हटलं, "मला कशाला विचारतोस?"